उत्तर येईपर्यंत

डीएफ, म्हणजे डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड, टाइप केलं, एंटर दाबलं, कर्सर खालच्या ओळीवर गेला आणि तिथेच थांबला. ओळ नाही, एरर नाही, प्रॉम्प्ट परत नाही. कंट्रोल-सी दाबलं, परत दाबलं, काही हलेना. दुसरं टर्मिनल उघडून अपटाइम बघितलं तर लोड ॲव्हरेज, म्हणजे मशीनवरच्या भाराचा आकडा, २०० च्या वर आणि सीपीयू मात्र मोकळा बसलेला. नोकरीला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते, रात्रपाळी होती, दोन वाजून गेले होते, आणि माझ्या डोक्यातलं गणित असं की लोड जास्त म्हणजे सीपीयूवर ताण, मग हे काय चाललंय ते कळेना. एक सर्व्हर असा, मग दुसरा, मग तिसरा, बघता बघता चाळीसेक सर्व्हर त्याच अवस्थेत. पिंगला उत्तर देत होते, काहींवर लॉगिन होत होतं, काहींवर लॉगिनच अर्ध्यात राहायचं कारण होम डिरेक्टरी नेटवर्कपलीकडच्या, बाहेरच्या स्टोरेजवर होती. तिकडच्या फाइलला जो कुणी हात लावेल तो तिथल्या तिथे गोठायचा.

माझ्या वरिष्ठांना, सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, प्रोसेस मरत नाहीयेत, किल मायनस नाइन पण लागू पडत नाहीये, सगळे रीबूट करू का?"

"अजिबात नको. कुठल्या स्टेटमध्ये आहेत बघ आधी."

"डी दाखवतंय सर."

"मग त्या वाट बघतायत गं. त्यांना मारू नकोस. ज्याची वाट बघतायत तो कुठे गेला ते शोध."

त्यानंतर बरीच वर्षं झाली. मी तेव्हापासून हेच काम करते, डेटा सेंटरमधल्या सर्व्हरना बाहेरचं, सामायिक स्टोरेज जोडून देणं. आणि मला आता अगदी मनापासून असं वाटतं की केबल कुठे लावायची, कुठली कमांड मारायची हा भाग महिना-दोन महिन्यांत हाताला बसतो, खरं काम पुढेच असतं. तिकडून उत्तर आलं नाही तर इकडे कुणी किती वेळ थांबायचं, हे ठरवणं म्हणजे स्टोरेज जोडणं. आणि ते शांतपणे, दिवसाउजेडी, आधी ठरवावं लागतं, कारण रात्री दोनला ठरवता येत नाही.

डिस्क सर्व्हरच्या पोटात असते तेव्हा हा प्रश्न फारसा येत नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला डिस्क आहे, ती एक तर चालू आहे नाही तर बिघडली आहे, आणि बिघडली तर सर्व्हरचंही काही खरं नाही, दोघांचं नशीब एकच. पण डिस्क पोटात ठेवण्याचे तोटे सगळ्यांना माहीत आहेत, एका सर्व्हरची डिस्क भरून वाहतेय आणि शेजारच्याची ८० टक्के रिकामी पडलीय, सर्व्हर मेला की डेटा त्याच्याच आत अडकून बसतो, बॅकअप घ्यायचा तर प्रत्येकाच्या दारात जायचं. म्हणून डिस्क बाहेर काढल्या, एका मोठ्या पेटीत ठेवल्या, पेटीचा कारभार बघायला दोन कंट्रोलर दिले आणि मध्ये नेटवर्क आणलं. फायदे एवढे मोठे होते की ते होणारच होतं. पण त्याच क्षणी दोघांची नशिबं वेगळी झाली. आता सर्व्हर जिवंत, स्टोरेज मेलेलं, हे शक्य झालं. दोघेही जिवंत आणि मधला रस्ता बंद, हेही शक्य झालं. आणि सर्व्हरच्या जागी बसून पाहिलं तर या दोन्हींतला फरक त्याला दिसतच नाही. त्याला दिसतं एवढंच की मी विचारलं आणि उत्तर आलं नाही.

नवीन लोकांना सुरुवातीला वाटतं की अंतर ही अडचण आहे, डिस्क एवढ्या लांब ठेवली तर ती स्लो होणार. ते हिशोबात बसत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० मीटरला अर्धा मायक्रोसेकंद. आणि ७,२०० फेऱ्यांची फिरती डिस्क घ्या, एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि डोकं योग्य ट्रॅकवर सरकायला लागणारा वेळ त्याच्यावर वेगळा. तारेतला वेळ या पुढे कुठे दिसतही नाही. त्यामुळे फिरत्या डिस्कच्या जमान्यात स्टोरेज हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं तरी कुणाला पत्ता लागत नव्हता. उत्तर येत असेल तोवर अंतर कळत नाही, ते यायचं थांबलं की मग कळतं.

आता जोडायच्या तऱ्हा दोन. एक म्हणजे फाइल मागायची, दुसरी म्हणजे ब्लॉक, डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे, मागायचे. फाइलवाल्या पद्धतीत सर्व्हर म्हणतो, अमुक फाइलचा अमुक भाग दे, आणि फाइल डिस्कवर कुठे कशी ठेवली आहे ती चिंता समोरच्याची. एनएफएस हे त्यातलं जुनं आणि अजून रोजच्या वापरातलं, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेलं. त्याच्या रचनेतली एक गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये स्टोरेजची बाजू कुणाचं काहीच लक्षात ठेवत नव्हती, कोणी फाइल उघडली, कोण कुठपर्यंत वाचत आलं, काही नाही. प्रत्येक मागणी आपल्यापुरती पूर्ण, ह्या फाइलचा ह्या जागेपासून एवढा भाग. त्यामुळे स्टोरेज बंद पडून परत उठलं तरी त्याला काही आठवायची गरज नाही, आणि मागणाऱ्याने करायचं एवढंच की उत्तर येईपर्यंत तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवत राहायची. साधेपणा एवढा की सगळा भार एका गोष्टीवर येतो, मागणाऱ्याच्या चिकाटीवर.

आणि म्हणूनच माउंट करताना, म्हणजे ते स्टोरेज सर्व्हरला जोडून घेताना, तो एक शब्द लिहायचा असतो, हार्ड की सॉफ्ट. हार्ड म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबीन, मग कितीही वेळ लागो. सॉफ्ट म्हणजे ठरलेल्या वेळा विचारीन आणि मग प्रोग्रॅमला एरर देऊन मोकळा होईन. पहिल्यांदा ऐकलं की सॉफ्ट शहाणपणाचं वाटतं, कशाला लटकून राहायचं. मलाही त्या रात्री तसंच वाटलं, उजाडेपर्यंत मी मनात सगळे माउंट सॉफ्ट करून टाकले होते. पण लिहिताना एरर आली आणि प्रोग्रॅमने ती तपासलीच नाही तर? असे प्रोग्रॅम ढिगाने आहेत. ते पुढची ओळ लिहायला जातात, तेवढ्यात नेटवर्क परत आलेलं असतं, पुढची ओळ नीट लिहिली जाते आणि फाइलच्या मध्ये एक भोक राहतं जे कुणाला सहा महिन्यांनी सापडतं. हार्ड माउंटने अडवून धरलेला सर्व्हर सगळ्यांना दिसतो, फोन येतात, आरडाओरडा होतो, पण डेटा जिथल्या तिथे असतो. लिहायच्या डेटाला मी आजही हार्डच लावते आणि त्यावर वाद घालायला तयार असते.

पुढे १९९५ च्या व्हर्जन ३ मध्ये तर ह्या थांबण्याला आणखी एक देखणी जोड मिळाली. वेग वाढावा म्हणून स्टोरेजला मुभा दिली की आलेला डेटा आधी नुसता मेमरीत घे आणि "मिळाला" म्हण, पण मागणाऱ्याने तो स्वतःजवळ जपून ठेवायचा. नंतर कमिट मागायचं आणि "डिस्कवर गेला" असं उत्तर आलं की मगच आपली प्रत सोडायची. प्रत्येक उत्तराबरोबर एक खूण येते, स्टोरेज मध्येच रीबूट झालं असेल तर ती खूण बदललेली असते, मागणाऱ्याला बदल दिसला की तो समजून जातो की मधल्या काळात हा जाऊन आलाय, आणि जपून ठेवलेलं सगळं पुन्हा पाठवतो. समोरचा गप्प होता तेव्हा नुसता उशीर होता की तो मरून उठला, हे ओळखायची खूण एवढ्याशा आकड्यात बांधून दिली आहे. व्हर्जन ४ मध्ये लॉक वगैरे लक्षात ठेवणं आलं तशी मुदतही आली, लिनक्सवर ती मुळात ९० सेकंदांची असते, तेवढ्यात तुम्ही "मी आहे" असं कळवलं नाहीत तर तुमची लॉक सोडून दिली जाऊ शकतात. म्हणजे आता थांबायला सीमा आली, आणि ती दोन्ही बाजूंना माहीत आहे.

त्या रात्रीचा लोड ॲव्हरेजही मला मग सरांनीच समजावला. लिनक्समध्ये १९९३ पासून त्या आकड्यात नुसत्या पळणाऱ्या प्रोसेस नसतात, डी स्टेटमधल्या, म्हणजे न उठवता येणाऱ्या झोपेतल्यासुद्धा मोजतात. २०० लोड म्हणजे २०० जण एका दारात उभे. आणि किल लागू पडत नव्हतं कारण त्या झोपेत सिग्नल ऐकूच येत नाही. २००८ मधल्या २.६.२५ कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या व्हर्जनपासून, मधली एक अवस्था आली, जिथे मारणारा सिग्नल तेवढा ऐकला जातो, आणि एनएफएसवर अडकलेल्या प्रोसेस मारणं बरंच शक्य झालं, पण आमच्या त्या सर्व्हरवर त्याच्या आधीचा कर्नल होता. आज विचार करते तेव्हा वाटतं बरं झालं जुना होता, नवा असता तर सरांना फोन करायच्या आधीच मी निम्म्या प्रोसेस मारून बसले असते.

दुसरी तऱ्हा ब्लॉकची. इथे स्टोरेज एक लन, म्हणजे आपल्यातला कापून दिलेला एक हिस्सा, दाखवतं, सर्व्हरला ती सरळ डिस्क दिसते, फाइलसिस्टिम, म्हणजे फाइल मांडायची व्यवस्था, त्याची तो टाकतो. आत बोलली जाते ती भाषा स्कझी, तिचं पहिलं स्टँडर्ड १९८६ चं, आणि ती बनली होती पेटीतल्या किंवा पेटीशेजारच्या डिस्कशी एका रुंद, आखूड तारेवरून बोलायला. पुढे तीच भाषा फायबर चॅनेल नावाच्या, स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर चढवली आणि मग २००४ मध्ये आयस्कझीचं स्टँडर्ड आलं तेव्हा साध्या नेटवर्कच्या टीसीपीवरही. भाषा मात्र मनाने अजून त्या आखूड तारेवरच आहे. डिस्क हाताच्या अंतरावर आहे आणि उत्तर देणारच, हा तिचा विश्वास. लिनक्समध्ये एका डिस्क कमांडसाठी थांबायची मुळातली मुदत ३० सेकंद असते, ती संपली की एरर सावरायची धावपळ सुरू, आणि सावरता आलं नाही तर एरर वर फाइलसिस्टिमपर्यंत जाते, आणि फाइलसिस्टिम हात वर करते, एक तर रीड-ओन्ली होते नाही तर स्वतःला बंद करून घेते. एनएफएससारखी "बसतो मी इथेच" वृत्ती ब्लॉकच्या जगात आपोआप मिळत नाही, ती मांडावी लागते.

फायबर चॅनेलने ह्या विश्वासाला जागायचा प्रयत्न फार प्रामाणिकपणे केला आहे. साध्या इथरनेटमध्ये गर्दी झाली की स्विच फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, टाकून देतो, पाठवणारा परत पाठवेल म्हणून. फायबर चॅनेलमध्ये समोरच्याकडे जागा आहे असं त्याने आधी क्रेडिट देऊन सांगितलं असेल तरच फ्रेम निघते, एक फ्रेम गेली की एक क्रेडिट खर्च, तिकडे जागा मोकळी झाली की क्रेडिट परत. त्यामुळे टाकून देण्याची वेळच सहसा येत नाही. पण ह्यातही एक मेख आहे. एखादा सर्व्हर आजारी पडला आणि क्रेडिट परत द्यायला उशीर करायला लागला की त्याच्यासाठी निघालेल्या फ्रेम स्विचमध्ये तुंबतात, दोन स्विचमधला दुवा त्यांनी भरतो, आणि त्याच दुव्यावरून जाणारे दुसरे निरोगी सर्व्हरही स्लो होतात. तक्रार येते तिसऱ्याच सर्व्हरवरून, एरर काउंटर सगळीकडे शून्य, आणि गुन्हेगार कोपऱ्यात गप्प उभा. अशा केसमध्ये मी एकदा तीन दिवस घालवलेत. तो मेला असता तर तीन मिनिटांत सापडला असता.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला अजूनही जड जातं.

ब्लॉक स्टोरेजमध्ये कुठली लन कुठल्या सर्व्हरला दिसावी हे दोन ठिकाणी ठरतं, स्विचवर झोनिंग आणि स्टोरेजवर मॅपिंग. सर्व्हरची ओळख म्हणजे त्याच्या कार्डाचा डब्ल्यूडब्ल्यूएन, १६ हेक्स अक्षरांचा नंबर, आणि एकाच खेपेत आलेल्या कार्डांचे नंबर शेवटच्या एक-दोन अक्षरांनीच वेगळे असतात. एका दुपारी मी नवीन सर्व्हरला लन द्यायला बसले, नंबर कॉपी केला, मॅपिंग केलं, आणि शेजारच्याच ओळीतली लन त्याला दाखवली गेली. ती लन आधीपासून दुसऱ्या सर्व्हरवर माउंट होती, चालू होती, लोक त्यावर काम करत होते. नवीन सर्व्हरवर बसलेल्या मुलाला डिस्क दिसली, त्यावर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम आहे असंही दिसलं, त्याने फक्त बघायला म्हणून रीड-ओन्ली माउंट केली.

रीड-ओन्ली म्हटलं की आपल्याला वाटतं काही लिहिलं जाणार नाही. पण एक्सएफएस माउंट होताना आधी जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, बघतं, त्यात अर्धवट नोंदी दिसल्या की मागच्या वेळी वीज गेली असणार असं समजून त्या डिस्कवर पुऱ्या करून टाकतं, रीड-ओन्ली माउंट असलं तरी, जोवर तुम्ही वेगळं सांगत नाही तोवर. नोंदी अर्धवट होत्या कारण पहिला सर्व्हर त्या क्षणी त्या लिहीत होता. दोन मिनिटांत मुलाने अनमाउंट केलं, मला फोन केला की मॅडम ही आमची डिस्क वाटत नाही, मी मॅपिंग काढलं, आणि आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. पहिल्या सर्व्हरला काहीच कळलं नव्हतं. त्याच्या मेमरीत डिस्कचं एक चित्र होतं, प्रत्यक्ष डिस्कवर आता दुसरं. तो आपल्या चित्रावर विश्वास ठेवून लिहीत राहिला आणि संध्याकाळी कधीतरी मेटाडेटा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदी, करप्ट म्हणून बंद पडला. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून परत आणलं, त्या दिवसभराचं लोकांचं काम गेलं. पुन्हा बसून केलं त्यांनी. मला कुणी रागावलं नाही, आणि त्यामुळे ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून मी नंबर कॉपी करून पुढे जात नाही, शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचते, दुसऱ्या माणसाला वाचायला लावते, आणि सर्व्हरवरून लनचा सिरीयल नंबर जुळल्याशिवाय कुणाला "दिली" म्हणत नाही.

पण मला त्यातून कळलेली मोठी गोष्ट वेगळी होती. एक डिस्क दोघांना दाखवणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे, तार दोघांपर्यंत जाते, स्टोरेज दोघांनाही उत्तर देतं. स्टोरेज कुणालाच अडवत नाही. साध्या फाइलसिस्टिमला मुळात माहीतच नसतं की ह्या जगात आपल्याशिवाय कुणी आहे. दोघांनी एकत्र नांदायचं तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी, एकमेकांशी सतत बोलणारी फाइलसिस्टिम लागते, आणि बोलणं आलं की पुन्हा तोच प्रश्न येतो जो पहिल्या रात्री होता. समजा दोन सर्व्हर एका लनवर आहेत आणि पहिल्याला दुसऱ्याचा आवाज येईनासा झाला. दुसरा मेला असेल तर त्याचं काम पहिल्याने उचलायला हवं. पण तो मेला नसेल, नुसती मधली तार गेली असेल, तर तोही तिकडे हाच विचार करतोय, आणि दोघेही उचलायला गेले तर डिस्कची वाट लागणार. कितीही वेळ थांबा, शांततेतून हे कळत नाही. पाच सेकंद थांबा नाही तर पाच तास.

ह्यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो क्रूर वाटला होता. त्याला फेन्सिंग म्हणतात. दुसरा जिवंत आहे का याचा अंदाज बांधायचाच नाही, त्याला खात्रीने मेलेला करायचं. त्याच्या वीजपुरवठ्याला आज्ञा देऊन त्याला बंद करायचं, बंद झाल्याचं उत्तर घ्यायचं, आणि मगच डिस्कला हात लावायचा. ते उत्तर मिळालं नाही तर थांबायचं, पुढे जायचं नाही. दुसरा मार्ग स्कझीतच आहे, रिझर्व्हेशनचा, प्रत्येक सर्व्हर स्टोरेजकडे आपली किल्ली नोंदवतो आणि ज्याला बाहेर काढायचं त्याची किल्ली उरलेला सर्व्हर स्टोरेजवरून काढून टाकतो, मग तो कितीही जिवंत असला तरी त्याचं लिहिणं स्टोरेजच नाकारतं. आणि नाकारणं हे उत्तर आहे. "नाही" आलं तर सर्व्हरला लगेच कळतं की आपण बाहेर आहोत. ह्या कल्पनेचा मी खूप विचार केलाय, की एवढ्या हुशार यंत्रांनासुद्धा समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावता येत नाही आणि शेवटी शहाणपण कशात आहे तर अर्थ न लावण्यात. माणसांच्या बाबतीत मी हे फार उशिरा शिकले. कुणाचा फोन आला नाही की मी मनातल्या मनात पूर्ण गोष्ट रचायचे, रागावलाय, विसरलाय, काहीतरी झालंय, आणि त्या रचलेल्या गोष्टीवर पुढचं वागायचे. आता सरळ विचारते.

आता दोन वाटांबद्दल. ब्लॉक स्टोरेजला सर्व्हर जोडताना दोन कार्ड किंवा दोन पोर्ट, दोन वेगळे स्विच, दोन कंट्रोलर, ए बाजू आणि बी बाजू, आणि ए-बी एकमेकांना कुठेही जोडलेल्या नसाव्यात, एका बाजूची चूक दुसरीकडे पसरू नये म्हणून. सर्व्हरला एकच लन चार वेळा दिसते, मल्टीपाथ त्या चारांची मोट बांधून एक डिस्क करतो. कागदावर हे चित्र इतकं छान दिसतं की लोक तिथेच थांबतात. मी अशा रचना बघितल्या आहेत जिथे दोन्ही केबल वेगवेगळ्या पोर्टवरून निघून शेवटी एकाच स्विचवर गेल्या होत्या, आणि अशाही जिथे सगळं बरोबर होतं पण मुदतींचा मेळ नव्हता. हा मेळ म्हणजे काय तर, आयस्कझीत सर्व्हर मुळात दर ५ सेकंदांनी हाक मारून बघतो आणि ५ सेकंद उत्तराची वाट बघतो, मग कनेक्शन गेलं असं ठरवतो, आणि मग ते परत येईल म्हणून १२० सेकंद सगळं धरून ठेवतो. एकच वाट असेल तर हे १२० ठीक आहेत. पण दुसरी चांगली वाट शेजारी उघडी असताना दोन मिनिटं बंद दारापुढे उभं राहायचं? मल्टीपाथ असेल तर हा आकडा खाली आणावा लागतो, पाच-दहा सेकंदांवर. आणि सगळ्याच वाटा गेल्या तर मात्र उलट, मल्टीपाथला सांगावं लागतं की एरर लगेच वर देऊ नकोस, धरून ठेव. खाली लवकर हार मानायची, वर उशिरा. त्याच्याही वर डेटाबेसची स्वतःची मुदत, क्लस्टरची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटाची, स्वतःची, आणि क्लस्टरची मुदत वाट बदलायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमी असली की नुसती एक केबल निघाली तरी क्लस्टर निरोगी सर्व्हरला मारून टाकतो.

प्रत्येक सिस्टिमसाठी मी एक तक्ता करते, कोणता थर किती सेकंद थांबतो, खालून वर. बहुतेक वेळा तो तक्ता पहिल्यांदा भरताना कुठेतरी विसंगती निघते. त्यात माझा बराच वेळ जातो आणि लोकांना ते कंटाळवाणं वाटतं हेही मला दिसतं.

काही अडचणी मुदतीच्या नसतातच, पण त्याही शांततेचाच वेष घेऊन येतात. जंबो फ्रेमची गोष्ट त्यातलीच. सर्व्हर आणि स्टोरेजला एमटीयू, म्हणजे एका फ्रेममध्ये मावणाऱ्या बाइट्सची मर्यादा, ९००० केलं, मधला एक स्विच १५०० वरच राहिला. आयस्कझी लॉगिन होतं, लन दिसते, कारण ते सगळे छोटे निरोप. पहिला मोठा डेटा वाचायला गेलं की ठप्प. मोठी फ्रेम तो स्विच गुपचूप टाकून देतो, कुणाला सांगत नाही. म्हणून पिंग करताना तुकडे करू नको असं सांगून ८,९७२ बाइट्सचं पिंग करायचं, २० बाइट आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे मिळून बरोबर ९,००० होतात. साधं पिंग चालतंय म्हणून रस्ता ठीक आहे असं समजणाऱ्यांना मी हेच करून दाखवते.

आणि धूळ. सिंगल-मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५०, त्याच्या तोंडावर बसलेला डोळ्यांना न दिसणारा कण लिंकला तळ्यात-मळ्यात करायला पुरतो, आता वर, आता खाली, परत वर. पूर्ण तुटलेली केबल मला आवडते, ती लगेच सांगते. ही अशी अर्धवट केबल मल्टीपाथला वेड लावते. त्यामुळे टोपी काढली की लगेच साफ करायचं, नवी कोरी असली तरी, आणि लेबल दोन्ही टोकांना.

आता फ्लॅश आलं आणि माझा वरचा अंतराचा हिशोबही बदलायला लागलाय. एनव्हीएमई, म्हणजे फ्लॅशसाठीच बनवलेल्या भाषेत बोलणारी, डिस्क वाचायला शंभरेक मायक्रोसेकंद घेते, तेव्हा तिच्यापुढे नेटवर्कचे दहा-वीस मायक्रोसेकंद आता दिसतात. म्हणून स्कझीची ती जुनी भाषा बाजूला ठेवून एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स आलं, २०१६ मध्ये पहिलं स्पेसिफिकेशन, २०१८ मध्ये साध्या टीसीपीवर चालणारं रूप. पहिल्यांदा हात घातला तेव्हा मी वेग बघायच्या आधी मुदती शोधल्या. आहेतच. कंट्रोलरशी संपर्क तुटला तर लिनक्स मुळात ६०० सेकंद परत जोडायचा प्रयत्न करत राहतं. दहा मिनिटं. माझ्या तक्त्यात तो एक नवा आकडा आला.

त्या पहिल्या रात्री स्टोरेजला काहीच झालं नव्हतं. संध्याकाळी एक स्विच बदलला होता, नव्या स्विचच्या अपलिंकवर, म्हणजे पुढच्या नेटवर्कला जाणाऱ्या जोडणीवर, स्टोरेजच्या व्हीलॅनचा, म्हणजे त्याच्या वेगळ्या काढलेल्या नेटवर्कचा, नंबर लिहायचा राहिला होता, आणि जुना अपलिंक रात्री काढल्यावर सगळी वाहतूक नव्यावर आली. चाळीस सर्व्हर एका बाजूला विचारत होते, स्टोरेज दुसऱ्या बाजूला रिकामं बसलं होतं, मध्ये एक आकडा नव्हता. सरांनी फोनवरूनच मला एकेक टप्पा तपासायला लावला, नेटवर्कवाल्यांना उठवलं, त्यांनी नंबर टाकला. लगेच काही झालं नाही. टीसीपीही दर खेपेला जास्त जास्त थांबून प्रयत्न करत असतं, त्यामुळे मिनिटभर मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले, सर फोनवर होते, दोघेही काही बोललो नाही. मग लॉगमध्ये "नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग" च्या रांगेखाली एक ओळ आली, सर्व्हर ओके, म्हणजे स्टोरेज परत बोलायला लागलं. मग दुसऱ्या सर्व्हरवर, मग तिसऱ्या. पाऊण तासापूर्वी टाइप केलेल्या माझ्या डीएफने निमूटपणे आपलं उत्तर छापलं. एकही प्रोसेस मेली नव्हती. ज्या फाइल अर्ध्या लिहून झाल्या होत्या त्या पुढच्या अक्षरापासून पूर्ण झाल्या. मी रीबूट मारला असता तर हे सगळं गेलं असतं.

हल्ली कुठलाही सर्व्हर लोकांच्या हातात द्यायच्या आधी मी एक टेस्ट करते, नवीन मुलांकडूनच करवून घेते. सर्व्हरवर सतत लिहिणारा एक छोटा प्रोग्रॅम लावायचा, दर सेकंदाला वेळ आणि एक आकडा. मग रॅकच्या मागे जाऊन ए बाजूची केबल हाताने उपसायची. मागच्या आठवड्यात एक मुलगी होती, पहिलीच वेळ, केबल ओढताना तिचा हात थरथरत होता. ओढली. स्क्रीनवरचा आकडा थांबला. मी मोठ्याने मोजायला लागले, एक, दोन, तीन, ती माझ्याकडे बघतेय, चार, पाच, तिने केबल परत लावायला उचलली, मी मान हलवून नको म्हटलं, सहा, सात, आणि आकडा पुढे सरकला. तक्त्यात आठ लिहिलं होतं.

"लावू का आता परत, मॅडम?"

"लाव. सगळ्या वाटा परत आल्या की सांग. मग बी काढू."